बंडगार्डन : बंधारा, पूल आणि थांबलेले पाणी

प्रस्तावना

पुणे स्टेशनाकडून येरवड्याकडे जाणारा प्रवासी मुळा-मुठा नदी ओलांडतो त्या ठिकाणास आपण सर्व जण 'बंडगार्डन' या नावाने ओळखतो. एका बाजूस उद्यान, समोर विस्तीर्ण पाणी, त्यावर दगडी कमानींचा जुना पूल आणि पलीकडच्या काठावर दाट झाडी असे हे दृश्य आहे. ब्रिटिश काळातील छायाचित्रांतून व चित्रमय पोस्टकार्डांतून पुण्याची जी दृश्ये दूरवर पोचली, त्यांत या नदीकाठाचे स्थान महत्त्वाचे होते. आजही शहराबाहेरून आलेल्या पाहुण्यास शनिवारवाडा व आगाखान पॅलेस दाखविताना वाटेत हे ठिकाण लागतेच. मात्र बहुतेक वेळा ते वाहनातूनच पाहिले जाते.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या क्षेत्रभेटीसाठी या स्थळाचा जितका उपयोग व्हावयास हवा तितका होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. इतिहास, भूगोल, पर्यावरणशास्त्र, अर्थशास्त्र आणि भाषा या विषयांच्या अध्यापकांना येथे शिकविण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु भेटीची सुरुवात कोठून करावी, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. येणारा प्रत्येक जण प्रथम पुलाकडे पाहतो. वास्तविक पाहता प्रथम पाहावयाचा तो बंधारा होय. येथील सौंदर्य संथ पाण्याचे आहे आणि ते पाणी नदीने आपणहून संथ केलेले नाही. ते माणसाने विशिष्ट हेतूने अडविले. तो हेतू पुढे संपला, पण अडविलेले पाणी राहिले. ही गोष्ट ध्यानी घेतल्यावाचून या स्थळाचा इतिहासही नीट उलगडत नाही आणि आज नदीकाठी जे चालले आहे त्याचा अर्थही लागत नाही.

नावाचा प्रवास

'बंड' म्हटले की मराठी माणसास उठाव आठवतो, आणि येथे कोणते बंड झाले होते, असा प्रश्न नवागत विद्यार्थी हमखास विचारतात. येथील 'बंड' हा इंग्रजांच्या तोंडचा 'बंद' आहे. फारसी 'बंद' हिंदुस्थानीमार्फत इंग्रजीत गेला, बांध किंवा बंधारा या अर्थी तेथे स्थिरावला आणि 'बंड' असा उच्चार घेऊन पुन्हा आपल्याकडे आला. संस्कृत 'बन्ध' हे त्याच कुळातले. चीनमधील शांघाय शहराच्या सुप्रसिद्ध नदीकाठासही इंग्रज 'बंड'च म्हणत, तो शब्दही हाच. म्हणजे 'बंडगार्डन' याचा सरळ मराठी अर्थ 'बंधाऱ्याची बाग' असा होतो. उद्यानाचे अधिकृत नाव महात्मा गांधी उद्यान असे आहे. पुलाचे मूळ नाव फिट्झजेराल्ड पूल असे होते. ही दोन्ही नावे पाटीवर राहिली आणि लोकांच्या बोलण्यात बंधाऱ्याचेच नाव टिकले.

पुण्यातील पुलांच्या नावांची ही रीतच आहे. लकडी पुलात आज लाकूड नाही. पानिपतानंतर १७६१ च्या सुमारास उभारलेला मूळचा लाकडी पूल एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुराने गेला व त्या जागी दगडी पूल आला. त्याचे अधिकृत नाव छत्रपती संभाजी पूल, पण बोलण्यात लकडी तो लकडीच. १९२३ साली खुला झालेला लॉइड पूल, म्हणजे आताचा छत्रपती शिवाजी पूल, शंभरी ओलांडूनही पुणेकरांच्या लेखी 'नवा पूल'च आहे. नावावरून वस्तूचे वय व द्रव्य ठरवू नये, एवढे तरी विद्यार्थ्यांना येथे सहज शिकविता येते.

बंधारा

मुळा व मुठा या नद्यांचा संगम शहराच्या वायव्येस आहे. तेथून पुढे त्या एकत्रितपणे मुळा-मुठा या नावाने पूर्वेकडे वाहतात. पेशवाई संपल्यानंतर नदीच्या दक्षिणेस लष्करी छावणी, म्हणजे आजचा कॅम्प, विस्तारत गेली. जुन्या शहरास नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधलेल्या कात्रज तलावाचे पाणी भूमिगत नळाने हौदांतून मिळत असे. छावणीस तशी सोय नव्हती. दख्खनच्या पठारावरील नद्या पावसाळी आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये दुथडी भरून वाहणारी नदी मार्च-एप्रिलमध्ये खडकांतील डोहांपुरती उरते. तेव्हा पात्रात बंधारा घालून पाणी अडवावे व ते वस्तीस पुरवावे, ही योजना पुढे आली. बंधारा १८५० च्या सुमारास पूर्ण झाला. त्याच्या खर्चाचा मोठा भाग मुंबईचे पारशी व्यापारी सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांनी दिला. त्यांची देणगी पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास होती.

जमशेटजींचे नाव आपणास मुंबईतील रुग्णालय व कलाविद्यालय यांमुळे परिचित आहे. माहीम व वांद्रे यांना जोडणारा, १८४५ साली खुला झालेला रस्ता त्यांच्या पत्नीच्या देणगीतून झाला. त्यांची संपत्ती चीनशी चालणाऱ्या कापूस व अफूच्या व्यापारातून आली होती, हेही सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील दानधर्म, वसाहतवादी व्यापार व सार्वजनिक बांधकाम यांचे धागे किती गुंतलेले होते, याचे उदाहरण शोधण्यासाठी अर्थशास्त्राच्या अध्यापकास लांब जावयास नको. पुण्याच्या या बंधाऱ्यावर ते उभ्या-उभ्या दाखविता येते.

बंधाऱ्याचे कार्य समजावून देणे सोपे आहे. धरण पाणी साठविते व दरवाजांतून सोडते. बंधारा पाण्याची पातळी फक्त काही हात उंच करतो आणि जास्तीचे पाणी त्याच्या माथ्यावरून पुढे जाते. मात्र पातळी थोडी जरी उंचावली तरी, पात्राचा उतार मंद असल्यामुळे, फुगवटा पुष्कळ मागेपर्यंत पसरतो. बंधाऱ्याच्या वरच्या अंगास जे सरोवरासारखे शांत पाणी दिसते, तो हा फुगवटा होय. बंधाऱ्याच्या खालच्या अंगास उभे राहून पाहिल्यास नदीचे मूळ रूप ध्यानी येते : काळा बेसाल्टचा तळ, खडकांमधून वाट काढणारा प्रवाह आणि मधूनमधून डोह. एकाच ठिकाणी उभे राहून मान वळविताच नदीची दोन रूपे दिसावीत, ही सोय शहरात अन्यत्र क्वचितच आहे.

फुगवट्याच्या या शांत पाण्यामुळे काठी बाग झाली, नौकाविहार आला आणि गोऱ्या लोकांच्या संध्याकाळी येथे जाऊ लागल्या. पाणीपुरवठ्यासाठी केलेल्या बांधकामाचा सहज लाभ म्हणून सौंदर्य मिळाले. पुढे १८७० च्या दशकात मुठेवर खडकवासल्याचे धरण उभे राहिले, कालव्याचे पाणी शहरास व छावणीस मिळू लागले, आणि बंधाऱ्याचे मूळ प्रयोजन मागे पडत गेले. तेव्हापासून आजतागायत हा बंधारा मुख्यत्वे दृश्यासाठी उभा आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पूल

बंधाऱ्यानंतर सुमारे दोन दशकांनी, १८६० च्या दशकाच्या अखेरीस, शेजारी दगडी पूल उभा राहिला. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर सेमूर फिट्झजेराल्ड (कार्यकाल १८६७–१८७२) यांचे नाव त्यास दिले गेले. आराखडा रॉयल इंजिनिअर्सचे कॅप्टन रॉबर्ट सेलन यांचा होता व खर्च सुमारे दोन लाख रुपये आला. पुलाच्या टोकांशी सिंहांची शिल्पे आहेत. चेंडूवर पंजा ठेवलेला सिंह ही इटलीतील फ्लॉरेन्स येथील मेडिची घराण्याच्या उद्यानशिल्पांची घडण आहे. ती इंग्रजांनी उचलली आणि वऱ्हाड-खानदेशाकडून येणाऱ्या बैलगाड्यांच्या वाटेवर आणून बसविली. ही विसंगती मला नेहमीच गमतीची वाटत आली आहे.

कमानींच्या पुलाचे तत्त्व विज्ञानशाखेबाहेरील विद्यार्थ्यांसही समजते. कमानीतील प्रत्येक दगड पाचरीसारखा घडविलेला असतो. वरून भार आला की दगड खाली निसटण्याऐवजी एकमेकांवर अधिक आवळून बसतात, आणि भार वाकत-वाकत खांबांकडे व काठांकडे जातो. दगड दाब सहज सोसतो, ताण मात्र सोसत नाही. कमानीत तो बव्हंशी दाबाखालीच राहतो, म्हणून असा पूल दीडदोनशे वर्षे सहज टिकतो. कमानीची वक्र पाठ आणि रस्त्याची सपाट पातळी यांच्यामध्ये जो तिकोनी भाग उरतो त्यास स्थापत्यशास्त्रात 'स्पॅन्ड्रेल' म्हणतात. हा पूल पुण्यातील त्या पद्धतीचा पहिला पूल मानला जातो. कमानी उभ्या करण्यापूर्वी त्यांच्या आकाराचा लाकडी साचा उभारावा लागतो आणि कळीचा दगड बसेपर्यंत सारा भार त्या साच्यावर असतो. पावसाळी नदीत हे काम कोरड्या महिन्यांतच उरकावे लागे, ही बाब भूगोलाच्या अध्यापकाने अवश्य सांगावी.

पूल झाला तोच सुमार पलीकडच्या तीरावरील घडामोडींचाही आहे. डेक्कन कॉलेज १८६८ साली येरवड्याकडील आपल्या आजच्या वास्तूत गेले. पुढे टिळक व आगरकर यांची भेट त्याच महाविद्यालयात झाली, हे सर्वश्रुत आहे. येरवड्याचा कारागृह १८७१ चा, तर नगर रस्त्यावरील आगाखान पॅलेस १८९२ चा आहे. स्टेशनाकडून या तिन्ही ठिकाणी जाणारी सरळ वाट याच पुलावरून होती. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा कारागृहात पुणे करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. आगाखान पॅलेसमध्ये १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई यांचे आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले. विद्यार्थी, कैदी आणि राजकीय नेते यांच्या ये-जा करण्याने जी वाट इतिहासात गेली, तिच्यावर आज बव्हंशी वाहनांच्या कोंडीचीच चर्चा होते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याच्या धरणासही भगदाड पडले आणि मुठेकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या. त्या पुराचे सारे पाणी अखेर संगमावरून याच पात्रातून पुढे गेले. दगडी पूल त्यातूनही राहिला. कालांतराने वाहतूक वाढली, शेजारी नवे पूल झाले, जुन्या पुलावरील वाहतूक थांबविण्यात आली आणि अलीकडील काळात त्याचा उपयोग खुल्या कलादालनासारखा करण्यात आला. ही कल्पना चांगली होती, यात शंका नाही. परंतु तेथे उभे राहून चित्रे पाहणाऱ्याच्या नाकास नदी स्वस्थ बसू देत नाही, ही अडचण कलावंतांच्या हातची नव्हती.

थांबलेल्या पाण्याचा प्रश्न

लेखाचा मुख्य मुद्दा येथे येतो. १८५० साली बंधाऱ्याने जे अडविले ते नदीचे पाणी होते. आज कोरड्या महिन्यांत तो जे अडवितो त्यात शहराच्या सांडपाण्याचा वाटा फार मोठा असतो. वरची धरणे नदीचे नैसर्गिक पाणी पिण्यासाठी व शेतीसाठी राखून ठेवतात, आणि शहर वापरलेले पाणी पात्रात सोडते. त्यातील काही शुद्ध होऊन येते, काही तसेच येते. बंधारा तोच, फुगवटा तोच, पण द्रव्य बदलले.

वाहते पाणी खडकांवर आदळताना हवेतील प्राणवायू घेते. त्यात मिसळलेले सेंद्रिय द्रव्य कुजविणारे सूक्ष्मजीव हा प्राणवायू खर्च करतात. प्रवाह असेपर्यंत खर्चाची काहीशी भरपाई होत राहते. पाणी थांबले की भरपाई मंदावते, गाळ खाली बसतो, तो तळाशी प्राणवायूविना कुजतो आणि दुर्गंधी सुटते. नायट्रेट व फॉस्फेट यांच्या मुबलकतेमुळे दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी फोफावते. दुरून ते हिरवेगार कुरण भासते, कित्येक जण त्याचीही छायाचित्रे घेतात. बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्यास प्राणवायू मिळतो हे खरे. पण साबण व धुण्याच्या पावडरींतील द्रव्यांमुळे तेथेच पांढरा फेसही जमतो. हिवाळ्याच्या सकाळी तो फेस पाहून एका विद्यार्थ्याने 'बर्फ आहे का?' असे विचारले होते. वर्गातील हशा ओसरल्यावर उत्तर देणे मला जड गेले.

पक्ष्यांबाबतही असाच गैरसमज होतो. पुलाच्या खालच्या अंगास, येरवडा-कल्याणीनगरच्या काठी, डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्य या नावाने ओळखला जाणारा हरित पट्टा आहे. हिवाळ्यात तेथे व नदीपात्रात हळदी-कुंकू बदक, शेकाट्या, वंचक, पाणकावळा, खंड्या, धोबी असे पक्षी दिसतात. पक्षी आहेत म्हणजे नदी निरोगी आहे, असा युक्तिवाद वरचेवर ऐकू येतो. शेकाट्यासारखा पक्षी चिखल व सांडपाण्यातील किड्यांवर सुखाने जगतो. त्याची संख्या वाढणे हे कधी कधी नदीच्या आजाराचेच लक्षण असते. केवळ संख्या न मोजता कोणते पक्षी वाढले व कोणते दिसेनासे झाले, हे नोंदविणे अधिक उपयुक्त ठरेल. जीवशास्त्राच्या विभागांनी दर वर्षी एकाच आठवड्यात अशी नोंद ठेवली, तर दहा वर्षांत उत्तम साधनसामग्री जमेल.

हे पाणी पुढे कोठे जाते, हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारावा, असे मी सुचवीन. मुळा-मुठा रांजणगाव सांडस येथे भीमेस मिळते, भीमा उजनीच्या जलाशयात जाते, आणि उजनीचे पाणी सोलापूर शहर व जिल्हा पितो. एकदा हे सांगत असताना माढा तालुक्यातून शिकावयास आलेला एक विद्यार्थी शांतपणे म्हणाला, "म्हणजे सर, हे आमच्या घरी जातंय." त्या दिवशी प्रदूषणावरील माझ्या व्याख्यानाचा उरलेला भाग मी वाचला नाही.

नव्याने पाणी अडविताना

पुणे महानगरपालिकेने मुळा, मुठा व मुळा-मुठा या नद्यांच्या सुमारे ४४ किलोमीटर काठांच्या सुधारणेचा प्रकल्प हाती घेतला असून त्याची पायाभरणी ६ मार्च २०२२ रोजी झाली. संगमापासून बंडगार्डनपर्यंतचा व त्याखालील भाग यांचे काम आरंभीच सुरू झाले. त्याआधीपासून जपानी कर्जसाहाय्याने ११ नवी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे उभारण्याची स्वतंत्र योजना आहे. तिची नियोजित क्षमता दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर असून ती २०१६ साली मार्गी लागली. काठ बांधणे, पायवाटा करणे, झाडे तोडणे व नदीचे पात्र आक्रसणे यांबाबत नागरिकांनी आक्षेप घेतले, आणि २०२३ साली झाडांसाठी मोठे आंदोलन झाले. प्रकल्पाच्या समर्थकांचेही म्हणणे ऐकण्याजोगे आहे. नदीकाठ आजवर राडारोडा व अतिक्रमण यांस मोकळा राहिला. लोक नदीकडे येऊ लागले तर तिची काळजीही घेतील, हे त्यांचे प्रतिपादन अगदीच निराधार नाही. बंडगार्डनचा इतिहास काही अंशी त्यांच्या बाजूने साक्ष देतो. येथे लोक आले, रमले, आणि म्हणूनच ही जागा मोकळी राहिली.

परंतु तोच इतिहास दुसरीही साक्ष देतो. काठसुधारणेच्या आराखड्यात पाणी वर्षभर भरलेले दिसावे यासाठी बंधाऱ्यांचाही विचार आहे. म्हणजे १८५० चाच उपाय पुन्हा, मात्र या वेळी आरंभापासूनच दृश्यासाठी. जमशेटजींच्या बंधाऱ्यामागे पिण्याचे पाणी होते, म्हणून ते स्वच्छ असणे ही बांधणाऱ्यांचीच गरज होती. दृश्यासाठी अडविलेल्या पाण्यावर तसे बंधन राहत नाही. क्रमाचा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. आधी सांडपाणी शुद्ध करून मग पाणी थांबविले, तर सरोवर होईल. आधी थांबविले, तर जे होईल ते बंडगार्डनच्या फुगवट्यात आजच पाहावयास मिळते. त्यासाठी कोणत्याही प्रतिकृतीची गरज नाही.

पुराचा मुद्दा वेगळा, पण याच जागेशी निगडित आहे. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी व लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत मुठेचे पाणी शिरले, तेव्हा या रेषा केवळ नकाशावरच्या नव्हेत हे पुन्हा ध्यानी आले. मूळचे भिडे पुलासारखे ठेंगणे बांधकाम पुरात पाण्याखाली जाते, आणि 'भिडे पूल बुडाला' हे पुणेकरांचे पावसाचे मापच होऊन बसले आहे. दगडी कमानींचे जुने पूल उंच व रुंद गाळ्यांचे आहेत. जुन्या अभियंत्यांनी नदीस दिलेली जागा आपण किती व कशासाठी कमी करीत आहोत, हे कमानींखाली उभे राहून पाहिल्यास नकाशापेक्षा अधिक स्पष्ट होते.

भेटीविषयी काही सूचना

एका स्थळभेटीऐवजी दोन भेटी कराव्यात, असे अनुभवावरून वाटते. पहिली ऑगस्टमध्ये, खडकवासल्यातून विसर्ग चालू असताना, सुरक्षित अंतरावरून. त्या दिवशी बंधारा पाण्याखाली जवळजवळ दिसेनासा होतो आणि नदी आपली पूर्ण रुंदी मागते. दुसरी जानेवारीच्या मध्यास, सकाळी लवकर. या वेळी फुगवटा, जलपर्णी, फेस आणि पक्षी सर्व एकत्र दिसतात. मेट्रोने जाणाऱ्या गटाने बंडगार्डन व येरवडा या स्थानकांच्या दरम्यान नदी ओलांडताना खिडकीतून पात्र पाहून घ्यावे. तेवढ्या काही क्षणांत जो आवाका येतो तो काठावरून येत नाही.

विद्यार्थ्यांच्या हाती १८८५ सालच्या पुणे जिल्हा गॅझेटिअरातील बंधारा, बाग व पूल यांविषयीच्या नोंदींची प्रत द्यावी आणि त्यातील प्रत्येक विधान जागेवर पडताळून पाहण्यास सांगावे. रसायनशास्त्र विभागाने साधा तापमापक व विद्राव्य प्राणवायू मोजण्याची पेटी बरोबर घेऊन बंधाऱ्याच्या वर व खाली, दोन्ही ठिकाणी नमुने घ्यावेत. नमुना घेणाऱ्याने हातमोजे घालणे आवश्यक आहे.